सोडू का, दाजी?

माझ्या मेव्हण्याइतका हात आवरून धरणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत हिंडून या, सापडला तर आणून दाखवा. लोक ताटावर बसले की आधी हात घालतात, हा आधी डोळे घालतो. भाजी कसली आहे, तवंग किती आहे, भाकरी कुठून मोडलेली बरी, हे सगळं लांबून तपासून झालं की मग याचा उजवा हात निघतो. तोवर शेजारचा जेवून, हात धुऊन, सुपारी कातरत बसलेला असतो. पंखा बंद पडला म्हणून याला बोलवा, तर स्टूल मांडून दिल्यावरही हा चढणार नाही. खाली उभा राहून, दोन्ही हात पाठीमागं बांधून, पाच-दहा मिनिटं पंख्याकडं नुसता बघणार. पंख्यानंच शरमून फिरायला लागावं असं ते बघणं असतं. एकदा तर खरंच फिरायला लागला. लाइट आली होती. पण आमच्या हिनं गल्लीभर नाव याचंच सांगितलं.

मेव्हणा म्हणजे रक्ताचा नाही. माझी बायको पिंपळगाव रेणुकाईची, हाही तिथलाच. दोन घरांच्या मधे एक बोळ. याच्या घरात उर्दू, तिच्या घरात मराठी, आणि बोळात दोन्ही. सासरी आलेल्या बाईला माहेरच्या गावची एसटी दिसली तरी ती नजरेआड होईपर्यंत बघत उभी राहते. हा तर अख्खा माणूस, तोही जालन्यातच दुकान टाकून बसलेला. झालं. गावनात्यानं तो भाऊ, ती आपा आणि मी दाजी. मला कुणी विचारलं नाही. लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा असतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर बघ, असा त्याचा अर्थ. आमच्या लग्नात माझा कान तिच्या चुलतभावानं पिळला, हा तेव्हा शाळेत होता. त्यामुळं "दाजी, तुमचा कान माझ्याकडं बाकी हाय," हे मी आजवर याच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. पिळला मात्र कधी नाही. नुसता कानाकडं बघतो आणि मान हलवतो.

याचं दुकान म्हणजे एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याचा एक गाळा. बोर्डावर आधी रेडिओ लिहिलेलं होतं, त्याखाली टीव्ही आलं, त्याखाली कॉम्प्युटर. रेडिओ खोडलेला नाही. कारण विचारलं तर म्हणतो, "असू द्या, कुणी आणला तर बघू." कॉम्प्युटर दुरुस्तीला आलं की हा मालकाला न विचारता त्यात लिनक्स घालतो. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवायचं एक सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं आणि कुणा एकाच्या बापाचं नाही, एवढं मला त्यानं समजावलंय, पुढचं मी समजून घेतलेलं नाही. एकदा एक लग्नपत्रिका छापणारा आरडत दुकानात आला, "अरे मेरा पहिला वाला बटन कहाँ गया? नवरदेवाचं नाव कुठं टाकू?" याचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "आधी बसा. पाणी घ्या. आत काय काय हाय ते एकदा नजर फिरवून बघा." तो माणूस म्हणाला, "मला बघायचं न्हाई, मला छापायचंय, लग्न सोमवारी हाय!" शेवटी पहिलं होतं ते परत घालून द्यावं लागलं. लोक जल्दी फार करतात, असं याचं त्यावर मत पडलं.

याच्या या हात आवरण्याला एक कारण आहे. उमेदीच्या काळात भोकरदनकडच्या एका लग्नाची शूटिंग याच्याकडं दुरुस्तीला आली होती. घाईत दोन डिस्कांमधली चुकीची डिस्क याच्या हाती लागली, आणि वरात, मंगलाष्टकं, जेवणावळी, सगळं साफ पुसलं गेलं. त्या नवराबायकोची माफी मागायला हा दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला त्यांच्या दारात जाऊन उभा राहायचा. काही वर्षांनी ती बाईच म्हणाली, "भाऊ, आता येऊ नका. आम्ही विसरतो, तुम्हीच आठवण करून देता." तेव्हापासून याचा नियम झाला. कुणाचीही डिस्क आली की तो ती आधी फक्त वाचण्यापुरती जोडतो. आतलं सगळं दिसतं, पण तुम्ही कितीही बोटं आपटली तरी एक अक्षर इकडचं तिकडं होत नाही. लिहायचा हक्क तो नंतर देतो, आणि देताना असा देतो की बघणाऱ्याला घाम फुटावा. हुकूम टाइप करून झाला की बोटं उचलून घेतो आणि तो हुकूम मोठ्यानं तीनदा वाचतो. "एंटर म्हणजे कबूल है, दाजी. निकाहात तीनदा विचारत्यात ते उगीच न्हाई. एकदा दाबलं की माघार न्हाई." याचा स्वतःचा निकाह मात्र झाला नाही. तीर्थपुरीला मुलगी बघायला गेला होता. चहा आला, बिस्किटं आली, मुलगी आली, गेली. हा वर बघत होता. मुलीच्या बापाला म्हणाला, "तुमच्या ट्यूबचा चोक गेलाय." चोक बदलून दिला आणि निरोप घेऊन निघून आला. हो की नाही ते सांगायचं राहूनच गेलं. अशा चार-पाच ठिकाणी घरं उजळली, याचं घर तसंच राहिलं.

आता माझं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी सातवी नापास. एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये तीस वर्षं काढली. लाल झालेली सळई रोलमधून सापासारखी बाहेर यायची, ती चिमट्यात धरायची, वळवायची आणि पुढच्या रोलच्या तोंडात द्यायची. आमच्या पाळीत एक शिस्त होती. समोरच्याला विचारल्याशिवाय चिमटा सैल करायचा नाही. "सोडू?" म्हणायचं, आणि तिकडून "सोड!" आलं तरच सोडायचं. "थांब" आलं तर हात भाजला तरी थांबायचं. त्या आवाजात माझे कान निम्मे गेले, पण तो एक शब्द कानात राहिला. निवृत्तीच्या वेळी ऑफिसातलं एक जुनं कॉम्प्युटर मिलवाल्यांनी मला दिलं. त्यांना टाकायचं होतं, मला नाही म्हणता आलं नाही. घरी आणलं, आणि अर्थातच याला बोलावलं.

हा आला, अर्धा तास मशीनकडं बघत बसला, मग पुढं सरकला आणि मोठ्यानं म्हणाला, "सुडो…"

मी खाटेवरून ओरडलो, "थांब!"

यानं दोन्ही हात असे वर केले, जसं काही पोलीस आले. "काय झालं दाजी?"

"सोडू म्हणालास ना? काय सोडून राह्यलास? आधी सांग तरी!"

ही स्वयंपाकघरात हसता हसता खाली बसली. मग त्यानं समजावलं, की सुडो म्हणजे मालकाच्या हक्कानं सांगणं. साध्या माणसाचं मशीन ऐकत नाही, हुकमाच्या आधी सुडो लावलं की ऐकतं. मी विचारलं, "मंग या मशीनचा मालक कोण?"

"आपा."

"म्हणजे घरात चालतं तेच."

त्या दिवसापासून आमच्या घरात तो पाठच पडला. तो आला, मशीनपाशी बसला, की म्हणायचा "सुडो". मी मुद्दाम म्हणायचो "थांब". आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "सोड रे भाऊ, त्यांचं काय ऐकतोस!" तिचा आवाज आल्यावरच याचं बोट एंटरवर पडायचं.

आमच्या हिला वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. असं कसं, म्हणून लोक विचारतात. असंच. हा पोरगा असताना ओट्यावर बसून मोठ्यानं धडे वाचायचा, आणि ही म्हशीचा कासरा धरून बोळात उभी राहून त्याच्या पुस्तकात बघायची. पाटी कुणी हातात दिली नाही. त्यामुळं डोळे शिकले, हात राहिला. पुड्याच्या कागदापासून देवळातल्या पाटीपर्यंत सगळं घडाघडा वाचायची, आणि बँकेत अंगठा लावायची. एकदा बोलता बोलता हा म्हणून गेला, "आपा म्हणजे रीड ओन्ली हाय." तिनं अर्थ विचारला. यानं सांगितला, फक्त वाचायची परवानगी, लिहायची न्हाई. ती तव्यावरची भाकरी तशीच ठेवून बाहेर आली. "परवानगी न्हाई? कोणाची? मंग बसलास कशाला, उघडून दे की!"

हा ओशाळला. दुसऱ्या दिवशी मराठी अक्षरांचे स्टिकर घेऊन आला आणि एकेक करून सगळ्या बटणांवर चिकटवले. म्हणाला, "आपा, अक्षर काढायचं न्हाई. ओळखायचं आणि दाबायचं." बासष्टाव्या वर्षी माझी बायको लिहायला लागली. एका बोटानं. दिवेलागणीला देवापुढं दिवा लावला की मशीनपुढं बसायची. जोडाक्षर आलं की थांबायची, कपाळाला आठ्या घालायची, मग सापडलं की माझ्याकडं बघायची. मी बघितलं नाही असं दाखवायचो. यानं तिला एक फाइल करून दिली होती, तिचं नाव ठेवलं 'रोजचं'. ती गेल्यावर मला कळलं की त्यात ती दिवसाला एक-दोन ओळी लिहायची. जिवंत होती तोवर मी एकदाही उघडून बघितली नाही. बायकांचं काहीतरी असेल, म्हटलं.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. मूलबाळ आम्हाला नाही. लोक चार दिवस आले, मग त्यांची कामं सुरू झाली. हा तेवढा दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की यायचा. दोन माणसं समोरासमोर बसायची आणि चहाकडं बघायची. तो त्याच्या सवयीनं, मी माझ्या. मशीनवर तिनंच शिवलेलं कापड होतं, ते मी काढलं नाही. तिची चप्पल दारात होती ती दारातच होती. मी घरातलं काहीच हलवलं नव्हतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. एका सकाळी काय वाटलं कोण जाणे, कापड काढलं आणि बटण दाबलं. फार घरघर करत मशीन लागलं, आणि मी ती फाइल उघडली.

वाचायला मला आठवडा लागला. काना-मात्रा तिच्या मनाच्या होत्या, आणि मी काही फार वाचणारा नाही. 'नळ आला. हे झोपलेले.' असं एक होतं. जालन्यात नळ कधी येईल याचा नेम नसतो, आला की आठवड्याचं भरून घ्यावं लागतं. ती पहाटे उठून एकटी भरायची, आणि मी घोरत असायचो. 'नळ आला. हे झोपलेले.' पुन्हा काही दिवसांनी तेच. पुन्हा तेच. 'वांगी किडकी निघाली. ह्यांनी आणली.' 'भाऊ आला. चहाकडं बघत बसला. गार झाला. दुसरा केला.' एके दिवशी नुसतं एवढंच, 'आज काही झालं नाही. चांगलं वाटलं.' आणि मग सगळ्यात खाली शेवटची ओळ. 'बूट भंगारात दिले. हे बोलत नाहीत. तिसरा दिवस.'

मिलचे बूट होते ते. टाचा गेलेले, घालायच्या कामाचे नव्हते. खाटेखाली पडून होते. तिनं न विचारता भंगारवाल्याला दिले म्हणून मी अबोला धरला. मोठा शहाणा. चौथ्या दिवशी पहाटे तिच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षात मी सारखा बोलत होतो. तिला ऐकू येत होतं की नाही माहीत नाही. दवाखान्यात पोचायच्या आधीच संपलं होतं. म्हणजे लेखी जे राहिलं ते हेच, की हे बोलत नाहीत.

मी स्टिकर बघून बघून एक शब्द टाइप केला, 'बोलतो'. जतन करायला गेलो, तर पडद्यावर आलं, जतन करता येत नाही, फक्त वाचनीय. चार वेळा केलं. चारही वेळा तेच. मी याला फोन लावला. मशीनवर जे इंग्रजीत आलं होतं तेही एकेक अक्षर वाचून दाखवलं.

"दाजी, डिस्क आरओ झालीय तुमची."

"आरओ? पाण्याचा काय संबंध? पाण्याचा जार तर ओट्यावर हाय."

"पाणी न्हाई दाजी. आर आणि ओ. रीड ओन्ली. बरं, तुम्ही रो म्हणा."

"रो तर मी सकाळीच करून बसलो," मी म्हणालो. तिकडून दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मशीनला हात लावू नका. मी येतो."

त्या दिवशी शुक्रवार नव्हता. या खेपेला तो तासाभरात आला, तोही सोबत नवी कोरी डिस्क घेऊन. मात्र मशीनपुढं बसल्यावर याचं नेहमीचंच सुरू झालं. हात पाठीमागं. बघणं.  मी म्हटलं, "मालकाचा हक्क तुझ्याकडं हाय ना? सुडो का काय ते लाव आणि उघड जल्दी. मला एक ओळ लिहायचीय."

"न्हाई उघडणार."

"का?"

"मशीननं स्वतःच कुलूप लावलंय दाजी. आत कुठं तरी डिस्क बिघडलीय. ते कळलं की लिनक्स लिहिणं बंद करतं, वाचणं चालू ठेवतं. जबरदस्ती उघडली तर तुमची एक ओळ लिहिली जाईल, आणि आपाच्या सगळ्या ओळी जातील."

मी चिडलो. फार बोललो. तुझ्या बघण्यानं तुझं आयुष्य गेलं, आता माझं घालवतोस का, इथपर्यंत बोललो. हे बोलायला नको होतं. तो खाली बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "दाजी, मिलमध्ये सळई रोलात अडकली तर तुम्ही काय करायचा? मिल चालू ठेवायचा का?"

"बंद करायचो."

"मंग?"

मग काय. मी खाटेवर जाऊन बसलो.

त्यानं पेन ड्राइव्ह लावून मशीन त्यावरून चालू केलं, आतली डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली आणि नव्या डिस्कवर प्रत काढायला घेतली. दुपार गेली. डिस्क मधेच कुरकुर करायची, थांबायची, पुन्हा चालायची. तो जागचा हलला नाही. प्रत झाल्यावर ती बराबर उतरली का हे कळायला एखादी फाइल उघडून वाचावी लागते, असं तो म्हणाला. आमच्या मशीनमध्ये फाइल एकच. तो वरपासून वाचायला लागला. किडक्या वांग्यांना हसला. त्याच्या गार चहापाशी आला तेव्हा हसता हसता त्यानं चष्मा काढून पुसला. मग वाचत वाचत शेवटाला पोचला आणि थांबला. 

"दाजी, यासाठी उघडायचं होतं?"

मी मान हलवली.

"काय लिहिणार?"

"बोलतो म्हणून. अजून काय लिहिणार?"

तो पडद्याकडंच बघत म्हणाला, "आपाचा फोन आल्ता मला. म्हणाली, तुझे दाजी फुगून बसलेत. मी म्हटलं, येऊ का समजूत काढायला? तर म्हणाली, कशाला? चौथ्या दिवशी आपणहून चहा मागत्यात."

आता चौथ्या दिवशी मी चहा मागतो, हे बिलकुल खरं आहे. चाळीस वर्षांत चौथा दिवस मी कधी ओलांडला नाही. आणि हे तिच्याशिवाय त्याला दुसरं कोण सांगणार? पण तो फोन त्याच वेळचा, की आधीच्या एखाद्या भांडणातला, ते मी विचारलं नाही. विचारून बघावं असं तोंडापर्यंत आलं होतं. पण मी त्याच्याकडूनच शिकलोय. काही गोष्टी नुसत्या वाचून घ्याव्यात, त्यांना हात लावू नये. मी उठलो आणि चहा ठेवला.

पुढच्या शुक्रवारी तो ती नवी डिस्क मशीनमध्ये बसवून तपासायला आला, कारण जुनीतला बिघाड प्रतीतही उतरतो म्हणे. तपासणीच्या वेळी डिस्क उतरवून ठेवावी लागते म्हणे, चढलेली, म्हणजे जोडलेली, असताना दुरुस्त करू नये. मशीन मधेच विचारायचं, इथं तुटलंय, सांधू का? तो प्रत्येक ओळ वाचायचा आणि हो म्हणायचा. शेवटी सगळं नीट झाल्याचं मशीननं सांगितलं. तरी यानं डिस्क पुन्हा जोडली ती फक्त वाचण्यापुरतीच. फाइल उघडून शेवटची ओळ आहे तशी आहे ना, हे बघितलं. मग मला जवळ बोलावलं.

"आता ती चढलेली हाय, पण रो. तिला उतरवायची न्हाई. बसल्या जागी फक्त हक्क बदलायचा. याला रिमाउंट म्हणत्यात." त्यानं टाइप केलं, बोटं उचलली आणि वाचायला लागला. "सुडो. माउंट. डॅश ओ. रिमाउंट, कॉमा, आर डब्ल्यू." आर डब्ल्यू म्हणजे वाचा आणि लिहाही. शेवटी डिस्कचा पत्ता. एकदा वाचलं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा "सुडो" म्हणाला, आणि माझ्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "थांब."

 यापुढचा आवाज स्वयंपाकघरातून यायचा असतो. त्याचं बोट एंटरवर, दाबलेलं नाही, नुसतं टेकलेलं. बाहेरून पाण्याचा टँकर गेला. तो माझ्याकडं वळला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला,

"सोडू का, दाजी?"

मिलमध्ये हा शब्द मी तीस वर्षं ऐकला. लगेच उत्तर द्यायचं असतं, समोरच्याच्या हातात जाळ असतो. मला वेळ लागला. पण दिलं.

"सोड रे भाऊ."

त्याला मी आजवर भाऊ कधी म्हटलं नव्हतं. त्यानं एंटर दाबलं. मशीन काहीच बोललं नाही. नुसती खालची रिकामी ओळ आली. मी घाबरलो, विचारलं, काय झालं?

"झालं. लिनक्स बिघडलं तरच बोलतं दाजी. गप्प राहिलं म्हणजे बराबर हाय."

"गप्प राहिलं म्हणजे बराबर असतंच असं न्हाई," मी म्हणालो.  त्यानं उठून मला जागा दिली.

मी बसलो. बोलतो, माफ कर, बूट जाऊ दे, असं आठवडाभर मनात घोळवलेलं सगळं होतं. तिच्या ओळीखाली बोट ठेवलं, आणि ते सगळं खोटं खोटं वाटायला लागलं. ती असं कधी लिहायची नाही. मी स्टिकर शोधत शोधत, तिच्यासारखंच एका बोटानं, पाऊण तासात एवढं लिहिलं, 'नळ आला. जागा होतो.' त्या पहाटे खरंच होतो. जतन केलं. झालं. मशीन पुन्हा काही बोललं नाही.

हा मागं उभा राहून वाचत होता. वाचून झाल्यावर नेहमीसारखा माझ्या कानाकडं बघायला लागला. मी म्हटलं आता मान हलवणार. तर यानं हात पुढं केला आणि माझा कान धरून पिळला. हळू नाही. चांगला जोरात पिळला. चाळीस वर्षांनी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कानाच्या दुखण्यामुळं आलं असं मी म्हणालो तेव्हा त्यानं ते मान्य केलं.

जाताना विचारलं त्यानं, "परत रो करून ठेवू का?" मी म्हटलं, राहू दे उघडं. दारातली चप्पल मात्र अजून दारातच आहे. तिचं बघू. तो शुक्रवारी येतो, चहाकडं बघत बसतो, चहा गार होतो, मी दुसरा करतो आणि तेही लिहून ठेवतो. बाकीचे सहा दिवस लिहिण्यासारखं फारसं काही होत नाही.

गल्लीत म्हणत होते, उद्या पहाटे नळ येणार आहे. जागं राहायला पाहिजे.